चांदणीतला ओला तुकडा

आपल्या आजीच्या आजीनेही ही गोष्ट ऐकलीच होती, पाहिली नव्हती. इतकी ती जुनी आहे.

त्या वर्षी कारंडोह गावात गाठीचा ताप आला. काखेत गाठ यायची आणि तिसऱ्या दिवशी माणूस जायचं. गाव घरं सोडून माळावर गेलं, कुडाच्या झोपड्यांत राहिलं. ताप ओसरला तेव्हा बहात्तर माणसं गेली होती.

अशा मरीनंतर घरी परतायची गावाची एक रीत होती. गेलेल्या प्रत्येकाच्या अंगावरच्या कापडाचा एक तुकडा राखेच्या पाण्यात उकळायचा. साऱ्या तुकड्यांची मिळून एक गोधडी शिवायची आणि ती देवळापुढच्या शिळेवर अंथरायची. गोधडी सपाट बसली, की गेलेले निजले असं धरायचं. तोवर वेशीच्या आत कोणी चूल पेटवायची नाही.

ही गोधडी शिवायची म्हाळसाक्काने. तिला दिसत कमी होतं, पण तिचा तळहात गोधडीवरून फिरला की चुकलेला एक टाकासुद्धा लपत नसे. दुसऱ्याच्या गोधडीतली चूक ती हसत दाखवायची आणि स्वतःची मुकाट्याने उसवायची. तिचा टाका मुंगीच्या पावलाएवढा होता, असं म्हणतात.

तिने आठ पाकळ्यांची चांदणी मांडली. पाकळीत नऊ तुकडे, सगळे शंकरपाळ्याच्या आकाराचे. अशा चांदणीत लबाडी चालत नाही. एक तुकडा दोऱ्याएवढा सरकला, तर पुढचे सगळे सरकतात आणि मधोमध फुगा येतो.

फुगा आला.

म्हाळसाक्काने उसवून पुन्हा शिवलं. फुगा तिथंच. सात वेळा उसवलं, सात वेळा शिवलं. माळावर थंडी उतरली होती. पोरं खोकत होती.

शेजारची भागूबाई म्हणाली, "आक्के, आता किती उसवशील? बोटं थकली म्हण की सरळ."

"माझी चूक असती तर पहिल्याच उसवणीत निघाली असती, भागू."

आठव्या वेळी तिने दोरा बाजूला ठेवला आणि एकेका तुकड्यावरून हात फिरवला. अंगावर वागवलेलं कापड झिजलेलं असतं, ताण पडला की थोडं सरकून शेजाऱ्याला जागा देतं. मधोमधचा एक हिरवा तुकडा तेवढा सरकत नव्हता. तो रंगराव पाटलाच्या घरचा होता, म्हणून मानाने मध्ये बसवलेला. पाटलाची सून गोजरा तापाने गेली आणि तिला घाईने माळापलीकडे जाळलं, असं पाटलाने सांगितलं होतं.

म्हाळसाक्काने तो तुकडा उसवून काढला आणि सगळ्यांसमोर पाटलापुढे धरला.

"हे कोरं कापड आहे, पाटील. गोजराच्या अंगाला लागलेलं नाही. तिचं लुगडं द्या."

पाटील हसला. "म्हातारे, कापड बोलायला लागलं का तुझ्याशी?"

"कापड बोलत नाही. खोटंही बोलत नाही."

"भोक बुजव आणि गोधडी अंथर. लोकांना घरी जायचंय."

लोकांना खरंच घरी जायचं होतं. ते पाटलाला काही बोलले नाहीत, म्हातारीला बोलले. कोणी म्हणालं हट्टी आहे, कोणी म्हणालं डोळे गेले तसं डोकंही गेलं. भागूबाई म्हणाली, "एका तुकड्यासाठी अख्खं गाव गारठवतेस होय गं?"

"एका तुकड्यासाठीच," म्हाळसाक्का म्हणाली. "ती परगावची पोर. तिचं विचारणारं इथं दुसरं कोण आहे?"

मग ती भर दुपारी भोक पडलेली गोधडी खांद्यावर टाकून, ती गोधडी ओढेल तशी, वेशीबाहेरच्या बारवेकडे चालू लागली. गाव तिच्या मागोमाग गेलं. म्हाळसाक्का एक पायरी उतरायची आणि बारवेचं पाणी एक पायरी मागे सरायचं, असं म्हणतात. शेवटच्या पायरीखाली चिखलात गोजरा होती. अंगावर हिरवं लुगडं होतं. कमरेला दगड बांधलेला होता आणि त्याची गाठ पाठीमागे होती.

ती गाठ काठावरून सगळ्यांनी पाहिली. आपल्याच वाडवडिलांनी पाहिली. "पाय घसरला असेल," पाटील म्हणाला, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. हे कोणी केलं, का केलं, ते कोणी विचारलं नाही, म्हणून आजही कोणाला ठाऊक नाही.

म्हाळसाक्काने लुगड्याचा काठ फाडला, तिथंच पायरीवर बसली आणि ओलाच तुकडा भोकात शिवला. शेवटचा टाका पडला तशी चांदणी पाण्यासारखी सपाट झाली. तो तुकडा पुढे कधी वाळला नाही, असं म्हणतात.

त्याच संध्याकाळी गावात घरोघर चुली पेटल्या. म्हाळसाक्काची पेटली नाही. तिने सुई भागूबाईच्या हातात दिली आणि ती माळावरच्या झोपडीत परत गेली. वेशीच्या आत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. उन्हाळा लागायच्या आत तीही गेली. तिच्या कापडाचा तुकडा कोणत्या गोधडीत घालावा, हे गावाला ठरवता आलं नाही.

कारंडोहात अजून नवी गोधडी तशीच अंगावर घेत नाहीत. घरातली थोरली बाई आधी ती उलटी अंथरते, म्हाळसाक्काचं नाव घेते, तळहात फिरवते आणि मोठ्याने विचारते, "कोण राहिलं?" मग मधल्या तुकड्यावर पाणी शिंपडून घरातल्या सुनेने उत्तर द्यायचं असतं, "गोजरा राहिली."

पाटलांच्या घरातही विचारतात. तिथं सून उत्तर देते तेव्हा पुरुष उठून बाहेर जातात.