बामीबायचं दार

या, पुढे या. गलबताचं सुकाणू, पहिल्या सिनेमाघराची पाटी, बंद पडलेल्या मिठागराची फावडी, हे सगळं सावकाश पाहा. आधी या दाराशी थांबा. नांदखारच्या या संग्रहालयातल्या बाकीच्या वस्तू लोकांनी माळ्यावरून काढून दिल्या. हे दार रस्त्यासाठी जुना बांध खणताना सापडलं. चिखलात उभंच्या उभं होतं. असं एकच सापडलं, आणि गाव त्याला बामीबायचंच दार मानतं. कडेला कालवांची कवचं चिकटलेली दिसतील.

माझ्या आजोबांना त्यांच्या आजीने सांगितलेली हकिगत अशी. तेव्हा इथे इमारती नव्हत्या. खाडी, बांध, बांधाच्या आत भातशेती आणि शेताच्या टोकाला गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. भाद्रपद अमावस्येच्या उधाणात बांध फुटला. उजाडल्यावर लोकांनी पाहिलं, दहा बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढं खिंडार पडलं होतं. खारं पाणी विहिरीपासून शंभर पावलांवर येऊन परतलं होतं म्हणे. दुपारच्या भरतीआधी खिंडार बुजलं नाही, तर भात जाणार, विहीर जाणार आणि गाव उठणार.

सगळे कामाला लागले. दगड लोटले, ढेकळं टाकली. पण आत साचलेलं पाणी खाडीकडे ओढ घेत होतं, टाकलेलं सगळं वाहून जात होतं. ऊन चढलं तसे जोमा पाटील म्हणाले, "बायकापोरांना टेकडीवर न्या."

तेवढ्यात बामीबाय आली. ही गावची सुईण, एकटी विधवा. डोक्यावर स्वतःच्या घराचं दार. तिच्या नवऱ्याने मरायच्या आदल्या साली हाताने घडवलेलं.

"बामे, घर उघडं टाकून आलीस?" पाटलांनी विचारलं.

"घर रायलं तं दार लागंल, पाटील. धरा खाली!"

खुंट ठोकून दार उभं केलं, मागे माती लोटली. माती टिकली! मग माणसं घराकडे धावली. पाटलांच्या दारावर मोर कोरलेले होते, म्हणून पाटील जरा घुटमळले, असं सांगतात. वळून पाहतात तर पाटलीणबाय दोन गड्यांना घेऊन तेच दार आणत होती.

एकतीस घरांची एकतीस दारं बांधात उभी राहिली. भरती चढली तेव्हा बामीबायच्या दारामागची माती अजून अर्धीच होती. दार आत झुकू लागलं. ती चिखलात उतरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. एकटीला रेटा पेलवेना, हे पाहून पाटीलही उतरले, तिच्या खांद्याला खांदा लावला. वरून माणसं माती टाकत राहिली. ओहोटी लागेपर्यंत दोघं जागची हलली नाहीत. पाटील आठ दिवसांत बरे झाले. बामीबायची पाठ मात्र कायमची वाकली.

बांध टिकला. भात घरात येईपर्यंत गाव बिनदाराचं झोपलं आणि कुणाचं गाडगंसुद्धा हललं नाही. पुढे सगळ्यांनी नवी दारं केली. पाटलांनी बामीबायकडेही सुतार धाडला. तिने त्याला गूळपाणी देऊन परत पाठवलं. "माझं दार लागलंय तिकडं," म्हणाली. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. बाळंतपणाला तिला बोलवायला येणाऱ्याला कडी वाजवावी लागली नाही.

आजही भाद्रपद अमावस्येला नांदखारमध्ये दिवस मावळेपर्यंत कुणी दार लावत नाही. चाळीत नाही, बंगल्यात नाही, त्या समोरच्या एकवीस मजली टॉवरमध्येही नाही. नवे भाडेकरू पहिल्या वर्षी बिचकतात, वॉचमनला चारदा विचारतात. दुसऱ्या वर्षी तेच जिन्यातून जाणाऱ्याला हाक मारून चहाला आत बसवतात. कुणी मला विचारतं, काका, चोरीची भीती नाही वाटत? मी सांगतो, एवढ्या वर्षांत त्या दिवशी नांदखारमध्ये चोरी झालेलं एक घर मला दाखवा. अजून कुणी दाखवलेलं नाही.