वळणाआधी थांबणारी जीप

घाटात डांबरी रस्ता नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. गुरांच्या डॉक्टर यमुताई गवस यांच्याकडे एक म्हातारी जीप होती. ओढे, चिखल, खडक यांना तिने कधी जुमानलं नाही. तरी ताई रोज निघण्याआधी तिचं ब्रेक-ऑइल बघायच्या, टायरांतली हवा तपासायच्या, नवा बसवून घेतलेला सीटचा पट्टा बांधायच्या आणि उतारावर तिला खालच्या गिअरमध्येच ठेवायच्या.

एके दिवशी उतारावर एक नवी मोटार तिला हसत भुर्रकन पुढे गेली. जीपला ते फार लागलं. "ताई, मी डोंगर चढलेली आहे! आज मलाही पळू द्या."

"पळशील गं," ताई म्हणाल्या, "पण तुला थांबायला वेळ लागतो. ते मी विसरून कसं चालेल?"

पुढच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक गाभण म्हैस बसली होती. तिला चुकवताना नवी मोटार बाजूच्या चरात कलंडली होती. जीप मात्र म्हशीच्या चार हात अलीकडे शांतपणे उभी राहिली.

म्हशीने नवलाने विचारलं, "आजी, तुझे ब्रेक एवढे जुने, तरी वेळेवर थांबलीस कशी?"

जीप ताईंकडे बघत म्हणाली, "आम्ही वळण यायच्या आधीपासूनच थांबत होतो, बाई."