वीतभर तार

माणसांचं बोलणं तांब्याच्या तारेवरून जायचं, त्या काळची गोष्ट. एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गावोगावचे फोन एकमेकांना जोडून देणारा मोठा रुबाबदार स्विच होता. एके सकाळी डोंगरापलीकडच्या पाड्याकडून त्याला उत्तर येईना.

"पाड्याची लाइन मेली. तोडून टाका तिला!" तो गरजला.

लाइन थरथरली. पाड्यावरच्या दवाखान्याला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

दुरुस्तीवाल्या हौसाताईंनी खिशातून वीतभर तार काढली आणि वाकवून आधी स्विचच्याच दाराशी, लाइन बाहेर पडते तिथे, जोडली. तो बोलेल ते तिथूनच त्याच्याकडे परत यायला हवं होतं.

"माझीच परीक्षा?" स्विच हसला. "एवढीशी तू! तुला येतं काय गं?"

"मिळेल ते जसंच्या तसं परत देते, दादा," तार म्हणाली.

स्विचने हाक दिली. काहीच परत आलं नाही. लाइन नव्हे, त्याच्याच पोटातलं एक विजेचं कार्ड जळालं होतं.

कार्ड बदलून हौसाताई डोंगरापलीकडे गेल्या आणि तीच तार त्यांनी पाड्याच्या शेवटच्या खांबावर जोडली.

"लाइनबाई, आहात ना?" स्विचने हळूच विचारलं.

हाक दरीत उतरली, डोंगर चढली आणि एक अक्षरही न सांडता अख्खी परत आली.

एवढी वाट ही लाइनबाई रोज तोलून धरते! स्विच थक्क झाला. तपासणी संपली होती. तरी त्याने पुन्हा हाक दिली, नुसती ऐकायला.