सुकायचा खराटा

सुकायची कथा सांगायची, तर आरंभी एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे, असा बोरीढाणा गावाचा दंडक आहे. पहिला वणवा तिनेच लावला होता.

फार वर्षांपूर्वीची ही हकिकत. सातपुड्याच्या माथ्यावर दगडी मुनारे रचून सरकारने रानाची हद्द नुकतीच आखली होती. चैत्रात पहाटे मोहाची फुले गळत. वाळक्या पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून बाया आपापल्या झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करत. सुकायनेही तेच केले. पण त्या दिवशी वारा फिरला. आग उतार चढली, बांबूचे बन कडाडत कोसळले. पाठीवर पिल्ले घेतलेली अस्वलाची मादी धुरातून बाहेर आली, क्षणभर सुकायसमोर थांबली आणि नदीकडे उतरली. फुले खायला येते म्हणून सुकायने तिला कितीदा तरी दगड मारून हाकलले होते.

रानाचे अंमलदार आले. "पुन्हा हे रान पेटले, तर गाव येथून उठवू," असे बजावून गेले. पटेलांनी सभा बोलावली. कुणी काही विचारण्याआधीच सुकाय उभी राहिली.

"आग म्या लावली. आता या रानात पुन्हा कोनी लावनार नाही."

"मंग पाचोळा तुही सासू झाडन काय वं?" शेजारचा लाखाजी म्हणाला. सभा हसली.

"सासू खाटेवर हाय, भाऊजी. मीच झाडन."

आणि तिने झाडले. आधी आपल्या मोहाखाली, मग इतरांच्या. पुढे नदीपासून माथ्यापर्यंत बैलगाडी जाईल एवढा पट्टा तिने झाडायला घेतला, कारण डोंगरापलीकडची आग काही गावाला विचारून येणार नव्हती. खराटा झिजला की ती नवा बांधी. तिच्यापुढे रानकोंबड्या पाने उकरत आणि मागून चितळे चालत, असे म्हणतात.

"वहिनी, डोंगर झाला की माह्यं अंगनही झाड!" लाखाजी वाटेतून ओरडे.

"आधी अंगनात एखादं झाड लावा, मंग पाहू!"

पुढच्या चैत्रात डोंगरापलीकडून खरोखरच वणवा आला. पटेलांनी गुरे सोडली.

"सुकाय, चाल! रान गेलं!"

"रान गेलं त गाव बी गेलं, बाप्पा. जायचं कुठी?"

वाऱ्याने माथ्यावरचा पट्टा पुन्हा पानांनी भरला होता. सुकाय खालून झाडत वर निघाली. हात सोलले, पदर करपला. खराटा थांबला नाही. तेवढ्यात वरून तीच अस्वलाची मादी आली, असे म्हणतात. वारूळ उकरताना अस्वल माती फुंकून उडवते, तशी ती पाने फुंकीत खाली येऊ लागली. एकीकडून खराटा, दुसरीकडून फुंकर. मधे दोघींची गाठ पडली, तेव्हा जमीन लख्ख उघडी होती. आग पट्ट्याच्या काठाशी आली, तिला खायला काही मिळेना, आणि ती तिथेच मांडी घालून बसली, असे म्हणतात.

सुकायने वर चढून खराटा माथ्यावर रोवला. त्याच्या दांड्याला पालवी फुटली, असेही म्हणतात. तिथे आज मोहाचे डेरेदार झाड उभे आहे.

त्या जागी गावाने ठरवले, की मोहाखाली आग लावायची नाही. पहिले फूल गळण्याआधी प्रत्येक घराने सुकायच्या नावाने नदीपासून माथ्यापर्यंत पट्टा झाडायचा. आणि माथ्यावरच्या झाडाचे एकही फूल वेचायचे नाही. पटेलांनी मान डोलावली. भूमकाने, म्हणजे गावाच्या पुजाऱ्याने, नारळ फोडला. लाखाजीने सुकायच्या हातात नवा खराटा दिला आणि दुसरा आपण घेतला. गाव हलणार नाही, हे अंमलदारांनीही मान्य केले.

अस्वलाला कुणी विचारले नव्हते. पण दर चैत्रात सकाळी माथ्यावरच्या झाडाखाली पाहावे, तर एक फूल शिल्लक नसते, आणि पाचोळा दूरवर फुंकलेला असतो.