राजाची चाकरथाळी

फार पूर्वी कांपिल्य नगरीत पद्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. राजा मनाने चांगला होता. आपल्या राज्यात सारे चाकर पोटभर जेवतात अशी त्याची खात्री होती, आणि ती त्याने स्वतः जेवून करून घेतलेली होती.

त्याचे असे होते. दरवर्षी राज्यारोहणाच्या दिवशी द्वारपालाच्या एका दिवसाच्या वेतनात येईल तेवढेच अन्न राजाने खायचे, दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत बाकी काही तोंडात घालायचे नाही, अशी पणजोबांनी घालून दिलेली रीत होती. तिला चाकरथाळी म्हणत. पणजोबांच्या काळी तेवढ्यात खरोखरच पक्वान्ने होत. पुढे बाजार चढत गेला, वेतन मात्र जागचे हलले नाही. पण राजापुढे रिकामी थाळी ठेवायची कोणाची छाती? आचारी राजवाड्याच्या कोठारातून गुपचूप भर घालीत, आणि राजा तृप्तीचा ढेकर देऊन म्हणे, "आमच्या चाकरांची चंगळ आहे हो!"

एकदा राजा शिकारीहून परतला, तर वेशीचा दरवाजा बंद. हाका मारून मारून त्याचा घसा बसला. द्वारपाल कुंभक जागेवर नव्हताच. घरच्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून तो तेल्याच्या घाण्यावर राबायला गेला होता. संतापलेल्या राजाने त्याला बायकापोरांसह नगराबाहेर घालवायचा हुकूम सोडला.

"महाराज, वेतनात भागत नाही हो," कुंभक रडकुंडीला येऊन म्हणाला.

"भागत नाही?" खजिनदार पूर्णक कडाडला. "महाराज स्वतः दरवर्षी तेवढ्यात जेवतात. वर खीर उरते!"

बोधिसत्त्वाला कुंभकाची फार कणव आली. तो म्हणाला, "महाराज, परवा चाकरथाळी आहे. ती जेवून मग हुकूम बजावावा. या खेपेला बाजार मात्र खजिनदारांनी करावा, आणि स्वयंपाक माझ्या डोळ्यांसमोर व्हावा."

पूर्णक मोठ्या ऐटीत टोपली घेऊन निघाला. सकाळभर घासाघीस करून त्याचा घाम निघाला. तूपवाल्याकडे त्याला नुसता वास मिळाला. भाजीवालीने एक किडके वांगे दिले, तेही "खजिनदारांवर काय ही वेळ आली बाई!" असे म्हणत.

थाळीत मूठभर भात आला आणि किडीने सोडलेले तेवढे वांगे. राजाने ते दोन घासांत संपवले आणि वाट पाहत बसला.

"बाकीचं कुठं आहे?"

"एवढंच, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "बाकीचं आजवर आपल्याच कोठारातून येत होतं."

राजाने पूर्णकाकडे पाहिले. पूर्णक छताकडे पाहत होता.

"असू दे," राजा म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

दुपारी शेजारच्या राज्याचा दूत दरबारात आला, आणि सिंहासन रिकामे! एकच धावाधाव झाली. अखेर राजा सापडला तो कुंभकालाच. परसातल्या बोरीखाली महाराज उभे होते. उपरणे काट्यांत अडकले होते आणि दोन्ही गाल बोरांनी फुगले होते.

कुंभकाने हात जोडले. "महाराज, दूत आलेत. आपण जागेवर नाही."

राजा चावायचा थांबला. त्याला तो बंद दरवाजा आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कुंभका," तो म्हणाला, "माझी तर पोरंही उपाशी नव्हती. तरी मला दुपारपर्यंत दम निघाला नाही."

राजाने हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला. यापुढे दरवर्षी आधी चाकरांच्या घरच्या बायकापोरांसकट साऱ्यांच्या थाळ्या भरायच्या, त्या भरायला बाजारात किती पैसे पडतात ते पाहायचे, आणि मग चाकरांचे वेतन ठरवायचे, असे त्याने जाहीर केले.

"आणि भाव असेच चढत राहिले तर?" पूर्णकाने कण्हत विचारले.

"तर वेतनही चढेल. ज्या वर्षी चढणार नाही, त्या वर्षी चाकरथाळी तुम्ही जेवायची."

तेव्हापासून बाजारात वांगी महागली की राजाकडे सर्वांत आधी पूर्णक धावत येई.

विहारात भिक्षू जेवायला बसले असताना शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. कुंभक म्हणजे आपल्या दाराशी बसणारा सोणक. अमात्य मीच होतो. आणि पूर्णक म्हणजे हा आपला वाढपी तिस्स. अजूनही त्याची पळी अर्धीच बुडते. भिक्षूंनो, दुसऱ्याची भूक आपल्या पोटात कळणे, हीच करुणा."

तिस्साने मान खाली घातली आणि पळी तळापर्यंत बुडवली.