मेखेभोवतीची माती

वस्तूंना वाचा होती त्या काळी एका उघड्या माळावर तंबू उभारायचं ठरलं. माती कातळासारखी घट्ट, मेख काही आत शिरेना. तेव्हा घणानं घाव घातले. माती कळवळली, पण मेख रुतली आणि तंबू उभा राहिला. उन्हापावसात वाटसरूंना आसरा झाला. ते पाहून मातीनं आपलं दुखणं गिळलं आणि मेखेला चहूबाजूंनी आवळून धरलं.

"घणोबा, आता तुम्ही कोपऱ्यात विसावा घ्या," तंबू म्हणाला.

घणाला ते झोंबलं. "माझ्यामुळे उभा आहेस, विसरू नकोस!" त्या दिवसापासून दोर जरा कुरकुरला, की तो उठायचा आणि मेखेवर दणका द्यायचा.

शेवटी मेख म्हणाली, "मला ठोकलंत तुम्ही, पण धरून ठेवलंय मातीनं. तिला जपा."

"तिला? तिला मी पहिल्याच दिवशी नमवलंय!"

दणक्यांनी मेखेभोवतीच्या मातीचा भुगा होत गेला. एका दुपारी वावटळ उठली आणि मेख हलू लागली. घणानं जीव खाऊन घाव घातले, तसतसं भोक मोठंच होत गेलं. आतली माणसं ओरडत बाहेर पळाली. घण पहिल्यांदाच मातीपुढे वाकला. "धर गं बाई, धर तिला!"

मेख उपटली, तंबू उडाला.

"धरलं असतं रे," माती म्हणाली. "पण धरायला मी अख्खी उरले कुठे?"