सगुणाबाईची दुसरी पिशवी

प्रवरेच्या काठी, कालव्याचे पाणी पोचता पोचता जिथे संपून जाते, तिथे निंबोळे नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेरच्या टेकाडावर काळ्या दगडाचे, मंगलोरी कौलांचे संत योसेफबाबांचे देऊळ, म्हणजे चर्च, आहे. त्या देवळामागच्या दोन खोल्यांत आपले अगस्तीबाबा राहत असत. त्यांचे खरे नाव फादर ऑगस्टीन. पण प्रवरेकाठच्या माणसांना अगस्ती ऋषींचे नाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे. त्यामुळे ऑगस्टीनचे अगस्ती कधी झाले, ते कुणालाच कळले नाही. बाबांनीही ते नाव आनंदाने अंगावर घेतले. पांढरा झगा, कोपरांवर ठिगळे, पायात टायरच्या चपला, असे बाबा वाडीवस्तीवर पायी हिंडत आणि ज्या घरी जात तिथे आधी चुलीकडे पाहत. चूल थंड दिसली की काही न विचारता त्या घरी धान्य पोचते करत.

भाविकहो, ही हकिकत बहात्तरच्या दुष्काळातली आहे. त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि माणसे खडी फोडायला जात होती. बिशपांच्या धर्मप्रांताकडून देवळाच्या कोठीत धान्य येऊ लागले: लाल मिलो ज्वारी, दलिया, कधी तेलाचे डबे. बाबांनी ते सगळ्या गावाला खुले केले. मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, येणारा असो की मारुतीला तेल वाहणारा की नमाज पढणारा, शनिवारी कोठीसमोर सगळे एकाच रांगेत उभे राहत.

धान्य फुकट मात्र मिळत नसे. बाजारभावाच्या चौथाईने ते द्यावे, असा बाबांचा नियम होता. ज्याला तेवढेही जमत नसे, त्याने देवळाचे अंगण झाडावे, नाहीतर चार गोवऱ्या आणून टाकाव्यात. एकदा एका म्हाताऱ्याने विचारले, "बाबा, देवाचंच आहे तर दाम कशाला?"

बाबा म्हणाले, "आजोबा, फुकट दिलं तर तुम्हाला हात पसरावा लागतो. विकत दिलं की पिशवी पसरता येते. देवाच्या दारातून कुणी मान खाली घालून जाऊ नये."

या कोठीवर माप घालायला सगुणाबाई त्रिभुवन नावाची एक विधवा असे. तिला मूलबाळ नव्हते. पहाटे ती देऊळ झाडी, दिवसभर दुसऱ्यांच्या बांधावर राबे आणि शनिवारी कोठीत येऊन धान्य पाखडून मापून देई. बोलणे थोडे. जपमाळ तेवढी कमरेला खोचलेली. स्वतःचे धान्य ती सर्वांच्या शेवटी, दाम टाकूनच घेई.

देवळाच्या पंचमंडळाचे प्रमुख होते फिलिपराव भालेराव. त्यांचा कालव्याखालचा ऊस होता, पिठाची गिरणी होती. देवळाची मोठी घंटा त्यांनीच दिलेली. माणूस वाईट नव्हता. बाबांवर त्यांची खरी श्रद्धा होती. पण लहानपणी त्यांनी डोक्यावर विटा वाहिल्या होत्या आणि त्या कष्टाचा त्यांना फार अभिमान चढला होता. रांगेकडे पाहून ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणत, "मी उपाशी झोपलो, पण कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. स्वस्ताची सवय लागली की हाडं आळसावतात."

बाबा ऐकत आणि म्हणत, "फिलिप, भूक प्रत्येकाच्या दारी वेगळ्या वाटेनं येते." फिलिपरावांना ते पटत नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी सुवार्ता. तिने वडिलांच्या मनाविरुद्ध दानियल नावाच्या एका गाडीवानाशी लग्न केले होते. लग्न लावले बाबांनीच. वडील आले, पण निरोप देताना मुलीला म्हणाले, "सुखात असलीस तर येत जा. मागायला मात्र माझ्या उंबऱ्यावर येऊ नकोस." मुलगी श्रीरामपूरला नांदायला गेली. पहिली काही वर्षे सणासुदीला आली, मग येईनाशी झाली. फिलिपराव समजले, गाडीवानाच्या संसारात लेकीला बापाचा विसर पडला.

त्या साली योसेफबाबांच्या सणाच्या आदल्या दिवशी अगस्तीबाबांना सडकून ताप भरला. दिवेलागणीच्या सुमारास ते खाटेवर निपचित पडले. हाक मारली तरी ओ देईनात. हातपाय गार पडले. फिलिपराव स्वतः उशाशी बसून त्यांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. बाहेर ओट्यावर बायामाणसे जपमाळ म्हणत होती. बराच वेळ गेला. मग बाबांनी एकाएकी डोळे उघडले, घोटभर पाणी मागितले आणि म्हणाले, "सगुणेला बोलवा." फिलिपरावांना हायसे वाटले. ते कपाळाचा घाम पुसत घरी गेले.

सगुणाबाई आली. बाबा क्षीण आवाजात म्हणाले, "सगुणे, उद्या सकाळच्या एसटीनं श्रीरामपूरला जा. रेल्वे फाटकाच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्या आहेत. अगदी शेवटच्या खोलीत एक बाई दार लावून बसली आहे. तिला एक पिशवी धान्य दे. आणि इथून पुढं दर शनिवारी दोन पिशव्या घेत जा. एक तुझी, एक तिची. तिच्या पिशवीचं मोल मी झाडलोट करून फेडीन."

"कोण हाय ती, बाबा?"

"गेलीस की ओळखशील."

सगुणाबाईने कोठीतून एक पिशवी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी सणाचा मिस्सा चुकवून ती गाडीत बसली. फाटक ओलांडून ती शेवटच्या खोलीपाशी गेली आणि तिने कडी वाजवली. दार उघडणारी बाई पाहून ती दारातच थबकली. ती सुवार्ता होती.

दानियलची उसाची गाडी उतारावर उलटून त्याच्या कमरेचे हाड मोडले होते. कितीतरी महिने तो खाटेवर पडून होता. बैल गेले, भांडी गेली. सुवार्ता लोकांची धुणी धूत होती. पण पाणीच नाही म्हटल्यावर धुणी तरी कोण देणार? थोरला मुलगा कोपऱ्यात बसला होता. धाकटी छबू ठेवणीतला फ्रॉक घालून उंबऱ्याशी खेळत होती. सुवार्ताने काळजावर दगड ठेवून ठरवले होते, की त्याच सकाळी पोरीला पुण्याच्या आश्रमात नेऊन सोडायचे. निदान तिथे दोन वेळचे पोटाला मिळेल.

"पण काल संध्याकाळी बाबा आले," सुवार्ता म्हणाली. "म्हणाले, पोरीला कुठं पाठवू नकोस, सकाळी सगुणा येईल. मावशी, मला वाटलं तुम्ही कुठल्या येताय."

सगुणाबाईने काखेतली पिशवी खाली ठेवली. काल संध्याकाळी बाबा कुठे होते, हे साऱ्या निंबोळ्याला ठाऊक होते. तिने मनोमन योसेफबाबांना हात जोडले, पदर खोचला आणि चुलीपाशी बसून पिशवीतला दलिया शिजत टाकला. निघताना सुवार्ताने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "मावशी, शप्पथ आहे. आबांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांनी मला मागायला येऊ नको म्हटलंय. मी मागितलं असं त्यांच्या कानावर जायला नको."

"नाही सांगणार, माये," सगुणाबाई म्हणाली.

त्यानंतर दर शनिवारी सगुणाबाई दोन पिशव्या भरी आणि रविवारचा मिस्सा आटोपला की एक घेऊन फाट्यावर गाडीची वाट पाहत उभी राही. गावाच्या नजरेतून हे किती काळ सुटणार? एकटा जीव, आणि धान्य दोन पिशव्या! कुणीतरी बोलले, कुणीतरी त्यात भर घातली. म्हणता म्हणता बोलणे फिलिपरावांच्या गिरणीपर्यंत पोचले.

एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी सगुणाबाईला भर अंगणात अडवले.

"सगुणा, ही दुसरी पिशवी कुणाची?"

तिने पिशवी काखेत घट्ट धरली.

"श्रीरामपूरच्या बाजारात काय भावानं विकतेस? चौथाईनं घ्यायचं आणि दुपटीनं विकायचं, चांगला धंदा काढलास. तेही देवळाच्या धान्यावर?"

लोक भोवती जमले. ज्यांना ती दर शनिवारी ओंजळभर जास्तच माप घाली, त्यांतलेही काही तोंड फिरवून उभे राहिले. सगुणाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ओठ मिटलेले होते. जो तिला चोर म्हणत होता, त्याच्याच नातवंडांच्या तोंडचा घास तिच्या काखेत होता. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. ती बोलली नाही.

एवढ्यात बाबा देवळातून बाहेर आले. ते तिच्याजवळ जाऊन हलकेच म्हणाले, "सगुणे, मी सांगू का?"

"नको बाबा. लेकरानं शप्पथ घातलीया. लोक बोलून बोलून किती बोलतील?"

बाबांनी फिलिपरावांकडे पाहिले. म्हणाले, "फिलिप, पिशवी कुठं जाते ते मला ठाऊक आहे. तुला ठाऊक करून घ्यायचं असेल तर तिच्या मागोमाग जा. पण गेलास तर दारातून परत फिरू नकोस. आत जा."

"जाईनच," फिलिपराव म्हणाले. बाबा भोळे आहेत, ही बाई त्यांना फसवते आहे, हे आज उघडे करायचेच असे त्यांनी ठरवले आणि मोटरसायकल काढली.

सगुणाबाईची गाडी पुढे, फिलिपराव मागे. श्रीरामपूरला ती उतरली. बाजाराकडे न वळता ती फाटकाकडे निघाली, तेव्हा फिलिपरावांना नवल वाटले. पत्र्याच्या खोल्यांपाशी पोचले, तोवर ती शेवटच्या दारातून आत गेली होती. ते दाराजवळ गेले. आतून आवाज आला, "मावशी, आज उशीर झाला? छबू केव्हाची वाट पाहतेय."

तो आवाज फिलिपरावांनी लगेच ओळखला. परत फिरावे असे त्यांच्या मनात आलेही. पण बाबांचे शब्द आठवले. ते वाकून आत गेले.

खाटेवर जावई. चुलीपुढे सगुणाबाई. आणि समोर आपली लेक, जुनेर नेसलेली, गालफडे बसलेली. सुवार्ता वडिलांना पाहून भिंतीशी सरकली आणि ताठ उभी राहिली.

"आबा, मी मागितलं नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही."

मुलीने घडी मोडून घोंगडी अंथरली. घरी आलेला माणूस उपाशी कसा जाऊ द्यायचा? तिने थाळीत लाल मिलोची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. भाकरी राठ होती. फिलिपराव एकेक घास गिळत होते आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी थाळीत पडत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बाबांना कुणी कळवलं, पोरी?"

"कुणी नाही, आबा. योसेफबाबांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ते आपण होऊन आले. इथंच, या पाटावर बसले. पाणी प्यायले. मी म्हटलं, बाबा, राहा. तर म्हणाले, मला थांबता यायचं नाही, उशाशी माणसं बसली आहेत. कुणाच्या उशाशी, ते मला काही उमगलं नाही."

फिलिपरावांच्या हातातला घास खाली पडला. त्या संध्याकाळी त्या उशाशी कोण बसले होते? ते गार पडलेले हात कुणी चोळले होते? ज्याने मुलीला उंबऱ्यावर येऊ नकोस म्हटले, तो बाप घड्या बदलत बसला होता आणि बाबा त्याच्याच लेकीच्या उंबऱ्यावर उभे होते.

ते उठले. लेकीपुढे हात जोडून म्हणाले, "तू मागितलं नाहीस, पोरी. मीच मागतोय. घरी चल."

सुवार्ता लगेच हो म्हणाली नाही. ती म्हणाली, "यांना बसता येऊ लागलं की येईन. तोवर तुम्हीच येत जा." फिलिपरावांनी मान हलवली. पुढे ते दर आठवड्याला जात राहिले, हे गावाने पाहिले आहे.

त्या दिवशी उन्हे उतरताना ते निंबोळ्याला परतले. सगुणाबाईला त्यांनी मोटरसायकलवर मागे बसवून आणले होते. देवळाच्या अंगणात बाबा झाडू हातात घेऊन उभे होते. फिलिपरावांनी जमलेल्या सर्वांसमोर त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "बाबा, मी आंधळा होतो. मला शासन करा."

बाबा म्हणाले, "माझ्याकडे शासनाची कोठी नाही, फिलिप. धान्याची आहे. शनिवारपासून सगुणेबरोबर माप घालायला ये. आणि जिला सकाळी बोललास, तिच्याकडे आधी जा."

फिलिपराव वळले आणि सगुणाबाईपुढे गुडघ्यांवर बसले. ती संकोचून मागे सरकत होती. "अवं दादा, हे काय? उठा, माणसं बघत्यात."

"बघू दे," फिलिपराव म्हणाले, "सकाळीही हीच माणसं बघत होती." आणि घंटा देणाऱ्या त्या मोठ्या माणसाने, देऊळ झाडणाऱ्या बाईच्या धुळीने भरलेल्या पायांवर कपाळ टेकले.